पॉलिशच्या आधी लाकूड पाहा : लाकडी जिना आणि कठडा कारागिराकडून दुरुस्त करून घेताना

नाशिकमध्ये लाकडी जिने प्रामुख्याने दोन प्रकारच्या घरांत आढळतात. तिवंधा, सोमवार पेठ, भद्रकाली, पंचवटी या जुन्या वस्तीतील वाड्यांत अरुंद आणि उभे सागवानी जिने आहेत. काही ठिकाणी धरायला वरून सोडलेला दोर आणि जिन्याच्या तोंडावरची झडप अजूनही शाबूत आहे. दुसरीकडे गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांतील बंगले आणि रो हाउस आहेत. तेथे जिना बहुधा सिमेंट काँक्रीटचा असून पायऱ्यांवर लाकडी फळ्या बसवलेल्या असतात, किंवा लोखंडी गजांवर केवळ हात ठेवण्यापुरता लाकडी कठडा असतो. कामाला हात घालण्यापूर्वी आपला जिना यांपैकी कोणता हे ओळखावे, कारण पहिल्या प्रकारात लाकूडच माणसांचे वजन पेलते, तर दुसऱ्या प्रकारात ते बव्हंशी पांघरूण असते. चुकीचा कारागीर बोलावल्यास पहिल्या प्रकारात जिवाला धोका पोहोचू शकतो, दुसऱ्या प्रकारात सहसा फक्त पैसे वाया जातात.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. आमच्या वाड्याच्या माडीचा जिना काळवंडला होता, म्हणून आम्ही पहिल्या खेपेला थेट पॉलिश करणाऱ्यालाच बोलावले. चार दिवसांत जिना आरशासारखा झाला आणि घरातील सर्वांना समाधान वाटले. पुढच्या आषाढात आत्या उतरत असताना तिने तळाच्या मुख्य खांबाला हात लावला आणि खांब कठड्यासह बाहेरच्या बाजूला झुकला. ती खालून तिसऱ्या पायरीवर होती, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावले. नंतर खांबाचा पायथा बोटाने दाबून पाहिला तेव्हा पुट्टीचा अखंड गोळा बाहेर आला आणि त्याच्यामागे लाकूड नव्हतेच, निव्वळ पिवळसर भुकटी होती. कीड लागलेला भाग तसाच ठेवून, भोके पुट्टीने बुजवून वर पॉलिशचे तीन हात (थर) मारले गेले होते. या लेखातील प्रत्येक सूचना त्या खांबापाशी येऊन मिळते: दुरुस्ती आणि पॉलिश ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि दुरुस्त झालेले उघडे लाकूड आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पॉलिशचा पहिला हात मारू देऊ नये.

आधी आपण स्वतः पाहावे

कारागिराला बोलावण्यापूर्वी एक तास काढून विजेरी, जुना स्क्रू ड्रायव्हर, खडू आणि वही घेऊन जिन्याची पाहणी करावी. खालून वर जाताना प्रत्येक पायरीला खडूने क्रमांक घालावा, कारण पुढे बोलणी, हिशेब आणि तक्रार या तिन्ही वेळी "ती मधली पायरी" असे म्हणण्यापेक्षा "सातवी पायरी" म्हणणे उपयोगी पडते. मग प्रत्येक पायरीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांवर वजन टाकून ती कुरकुरते का, दबते का, हे पाहून लिहावे. नुसती कुरकुर हे सहसा फळी आणि तिला पेलणारी बाजूची तिरकी तुळई यांच्यातील खिळा सैल झाल्याचे लक्षण असते आणि त्यावर खालून पाचर मारणे व खिळ्याऐवजी स्क्रू बसवणे हा साधा उपाय आहे. पायरी दबत असेल तर मात्र फळीला तडा गेला आहे, किंवा तिला आधार देणारे लाकूड खचले आहे असे समजावे.

त्यानंतर जिन्याखाली जावे. खरी परीक्षा तेथेच होते, आणि बहुतेक घरांत तेथे अडगळ भरलेली असल्याने ती वर्षानुवर्षे होत नाही. अडगळ बाहेर काढून तुळईच्या तळाशी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. निरोगी सागवानात ते जेमतेम खुपते. अर्धा इंच सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून लाकडाकडे चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांच्याखाली पिठासारखी फिकट भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. ती भुकटी झाडून घेऊन खाली कागद अंथरावा आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. कागदावर नवी भुकटी पडली असेल तर कीड जिवंत आहे, आणि सुताराच्या आधी कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवावे लागेल.

गोदाकाठच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार या बाजूच्या घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले होते. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले, यावरून पुराचे माप आपण सारे सांगतो, परंतु आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते, हे फार थोड्या घरांत लिहून ठेवलेले असते. भिंतीवरचा डाग पाहून ती पायरी शोधावी आणि तिच्याखालचे सारे लाकूड विशेष बारकाईने तपासावे, कारण आडव्या लाकडापेक्षा उभ्या तुळईचे कापलेले टोक पाणी अधिक शोषते आणि ते सर्वांत उशिरा वाळते. जुन्या वाड्यांत पहिल्या एक-दोन पायऱ्या दगडी असतात, त्याचा फायदा हाच की लाकडाला जमिनीची ओल लागत नाही.

कठड्याची परीक्षा वेगळी असते. मुख्य खांब दोन्ही हातांनी धरून चारही दिशांना हलवावा. मग एकेक गज मुठीत धरून फिरवावा. जो फिरतो त्याचे टोक भोकात सैल झाले आहे. लहान मुले असलेल्या घरात दोन गजांमधील मोकळी जागा मोजावी. ती चार इंचांपेक्षा अधिक असेल तर मुलाचे डोके अडकण्याची भीती असते आणि दुरुस्तीच्या निमित्ताने मधे गज वाढवून घेणे शहाणपणाचे ठरते.

कोणाला बोलवावे

नवख्या माणसाची पहिली चूक येथे होते, कारण त्याला वाटते की लाकडाचे सारे काम एकच माणूस करतो. प्रत्यक्षात सुतार आणि पॉलिशवाला हे दोन वेगळे कारागीर आहेत. गोल कातीव गज नवीन करायचे असतील तर लाकूड कातणारा तिसरा, लोखंडी गज सैल असतील तर वेल्डिंग करणारा चौथा. ठेकेदार हे सगळे एकत्र करून देतो आणि त्याबद्दल आपला वाटा घेतो; यात गैर काही नाही, मात्र जिन्याच्या लाकडाला प्रत्यक्ष हात कोण लावणार आहे हे त्याला विचारून, त्या माणसाशी एकदा तरी बोलणे आवश्यक आहे. माडी ज्या मुख्य तुळयांवर उभी आहे त्याच कुजल्या असतील, किंवा जिना भिंतीपासून सुटलेला असेल, तर प्रश्न सुतारकामापुरता उरत नाही. अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

चांगला मिस्त्री शोधण्यासाठी फलक आणि जाहिराती यांच्यापेक्षा लाकडाची वखार अधिक उपयोगाची आहे, कारण कोण निवडून लाकूड नेतो आणि कोण पांढुरके लाकूडही चालवून घेतो, हे वखारवाल्याला पक्के ठाऊक असते. हार्डवेअरच्या दुकानदारालाही विचारावे. दोन-तीन नावे मिळाल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न करावा: "दोन-तीन पावसाळे खाल्लेला तुमच्या हातचा एखादा जिना दाखवाल का?" मागच्या महिन्यात केलेले काम सगळ्यांचेच चांगले दिसते. दोन पावसाळ्यांनंतरही सांधे बंद असतील आणि पायरीच्या कडेचे पॉलिश सोललेले नसेल, तर त्या माणसाच्या हातात कसब आहे.

आमच्याकडे दुसऱ्या खेपेस आलेल्या मिस्त्रींनी सुरुवातीची दहा मिनिटे दराविषयी एक शब्द काढला नाही. ते सर्वांत खालच्या पायरीवर बसले, चप्पल बाजूला काढून ठेवली आणि लाकडी हातोडीने प्रत्येक पायरीवर हलकेच ठोकत, मान वाकडी करून आवाज ऐकत वर गेले. पाचव्या पायरीपाशी आवाज बदलला. तेथे त्यांनी नखाने पुट्टी उकरली, बोटावर आलेली भुकटी चोळून पाहिली आणि विचारले, "ताई, पुराचं पाणी इथवर आलं होतं का?" आले होते. जो कारागीर आधी लाकडाची चौकशी करतो आणि नंतर पैशांची, त्याला काम द्यावे. उलट जो दारातूनच जिन्याकडे पाहून चौरस फुटाचा दर सांगतो, तो दर कितीही कमी असला तरी त्याला नम्रपणे नकार द्यावा.

अंदाजपत्रक आणि मोजमाप

किमान दोन, शक्य असल्यास तीन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्यावा आणि सर्वांना आपली क्रमांकवार यादी सारखीच द्यावी, म्हणजे तुलना करता येते. काम रोजावर द्यायचे की उक्ते, म्हणजे संपूर्ण कामाची एकच रक्कम ठरवून, हे आधी ठरवावे. दुरुस्तीचे काम उघडल्याशिवाय त्याची खोली कळत नाही, म्हणून सुतारकाम रोजावर किंवा "इतक्या पायऱ्या, इतके गज" अशा नगावर देणे दोघांनाही न्याय्य ठरते. पॉलिश मात्र मोजता येणारे काम असल्याने ते उक्ते द्यावे. सगळेच उक्ते दिले तर कुजलेला भाग बदलण्याऐवजी बुजवण्याचा मोह कारागिराला होतो, कारण जास्तीचे लाकूड त्याच्या खिशातून जाते.

पॉलिशचे माप आपण स्वतःही काढावे. समजा, जिना तीन फूट रुंद आहे, पायरीची फळी दहा इंच खोल आणि तिच्याखालची उभी फळी साडेसात इंच उंच आहे. दोन्ही मिळून साडेसतरा इंच, म्हणजे साधारण १.४६ फूट, त्याला तीनने गुणल्यावर एका पायरीचे सुमारे ४.४ चौरस फूट होतात आणि १६ पायऱ्यांचे ७० चौरस फूट. बाजूच्या तुळया आणि जिन्याची खालची बाजू यात धरायची की नाही, हे स्पष्ट बोलून घ्यावे. कठड्याचे माप कोणी रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, लावतात, कोणी दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ मोजतात, आणि शेवटच्या दिवशीचे बहुतेक वाद येथूनच निघतात.

लाकडाचा भाव घनफुटावर असतो आणि जाडी इंच व सुतांत बोलली जाते. आठ सूत म्हणजे एक इंच. वखारीतून आणलेली दीड इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर सव्वा इंचाच्या आसपास उरते, म्हणून अंदाजपत्रकातील जाडी रंधण्यापूर्वीची आहे की नंतरची, हे विचारावे. नवी पायरी शेजारच्या जुन्या पायरीपेक्षा दोन सूत जरी वर किंवा खाली बसली तरी अंधारात पाऊल अडखळते.

सागवान घेताना मिस्त्रींबरोबर स्वतः वखारीत जावे. वलसाडी, बल्लारशाचा, परदेशी अशी अनेक नावे कानावर पडतील. नवख्याने नावापेक्षा फळीची कड पाहावी: मधला तांबूस-सोनेरी गाभा टिकतो, तर कडेचा पांढुरका भाग भुंगेऱ्याला आवडतो. पायरीच्या फळीत असा पांढुरका पट्टा स्वीकारू नये. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवानही वखारीत मिळते आणि माझ्या मते वाड्याच्या जिन्यासाठी तेच सर्वोत्तम आहे, कारण ते पूर्ण वाळलेले असते आणि त्याचा रंग जुन्या पायऱ्यांशी लवकर जुळतो. मात्र त्यातील जुने खिळे काढल्याची आणि त्यात कीड नसल्याची खात्री करून घ्यावी. नवे लाकूड असेल तर त्यातील ओलावा दर्शक यंत्राने मोजून घ्यावा. घरातील कामासाठी तो साधारण १० ते १२ टक्के असावा. ओले लाकूड बसवले तर उन्हाळ्यात ते आकसते आणि प्रत्येक सांध्यात फट दिसू लागते.

ठरलेल्या गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. त्यात क्रमांकवार काम, लाकडाचा प्रकार आणि रंधलेली जाडी, पॉलिशचा प्रकार, कंपनी व हातांची संख्या, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, राडारोडा कोण उचलणार आणि पैसे केव्हा द्यायचे हे असावे. उचल मालाच्या खर्चापुरती द्यावी. दुसरा हप्ता सुतारकाम पूर्ण होऊन आपण उघडे लाकूड तपासल्यावर द्यावा, तिसरा पॉलिश झाल्यावर, आणि थोडी रक्कम पंधरा दिवसांनंतर देण्याचे ठरवावे. "उघडे लाकूड दाखवल्याशिवाय पुट्टी किंवा सीलर लावायचा नाही" हे वाक्य कागदावर जसेच्या तसे लिहावे. (सीलर म्हणजे पॉलिशच्या आधी लाकडाची छिद्रे बंद करणारा थर.) प्रामाणिक कारागिराला त्याचे वाईट वाटत नाही. आमच्या मिस्त्रींनी तर ते वाचून मान डोलावली. मालाची पक्की बिले आपल्या नावाने घ्यावीत. पुढे सेवेत गंभीर त्रुटी राहिली आणि बोलून प्रश्न सुटला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तेव्हा हा कागद व ही बिले हाच आपला पुरावा असतो.

वाड्यात भाडेकरू म्हणून राहणाऱ्यांनी मालकाची लेखी संमती घेतल्याखेरीज सामाईक जिन्याला हात लावू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो टाळाटाळ करत असेल तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. महापालिकेने वाड्याला धोकादायक इमारत म्हणून नोटीस दिलेली असेल तर जिन्याचे पॉलिश हा विषयच उरत नाही. आधी वकील आणि इंजिनिअर यांच्याशी बोलावे.

पॉलिश कोणते

सध्याचे पॉलिश कोणते आहे हे कोपऱ्यात तपासता येते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून घासावा. थर मऊ होऊन बोळ्याला तांबूस चिकट रंग लागला तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे जुने पॉलिश आहे. थिनरने विरघळले तर लॅकर. दोहोंनी काहीच फरक पडला नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तैलरंग असण्याची शक्यता असते.

लाखेच्या पॉलिशची ऊब दुसऱ्या कशालाही येत नाही आणि ते पुढे कधीही सहज दुरुस्त करता येते. परंतु पाणी आणि उष्णता यांनी त्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून ते कठड्याला आणि गजांना शोभते, पायऱ्यांना नाही. ओल्या पायांनी वर-खाली जाणाऱ्या घरात पायऱ्यांवर पीयू लावावे, आणि ते चकचकीत न घेता मॅट घ्यावे. चकचकीत पायरी छायाचित्रात छान दिसते, पण पायमोजे घातलेल्या मुलाला आणि ओल्या पावलांच्या म्हाताऱ्या माणसाला ती घसरवते. शक्य असेल तर प्रत्येक पायरीच्या पुढल्या कडेपाशी दोन-तीन उथळ खाचा मारून घ्याव्यात. दोन घटकांचे पीयू हार्डनर मिसळल्यावर काही तासांतच संपवावे लागते, म्हणून सकाळी मिसळलेले उरले तर ते दुसऱ्या दिवशी वापरू देऊ नये.

नवी फळी जुन्या लाकडापेक्षा फिकट असते आणि तिला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावून जुळवावे लागते. रंग डब्यावरच्या चित्रावरून ठरवू नये. उरलेल्या तुकड्यावर आणि जिन्याच्या खालच्या बाजूला असे दोन ठिकाणी नमुने काढून, पूर्ण सुकल्यावर, दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात दोन्ही वेळा पाहून मगच होकार द्यावा.

केव्हा काम काढावे

जून ते सप्टेंबर या काळात नाशिकच्या हवेत दमटपणा असतो. लाकूड फुगलेले असते आणि लॅकर व मेलामाइनसारख्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत पॉलिश सुकायला वेळ लागतो. त्यामुळे दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत सोयीचा आहे. गणपती-दिवाळीपूर्वी चांगले कारागीर मिळणे कठीण असते, आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरात कामांची गर्दी राहील हे धरून दोन-तीन महिने आधीच बोलून ठेवणे बरे.

काम चालू असताना

जुना तैलरंग खरवडायचा असेल तर एक धोका गांभीर्याने घ्यावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला व गर्भवती स्त्रियांना अपायकारक असते. असा रंग कोरडा घासू देऊ नये. ओल्या सँडपेपरने घासावा, कारागिराला चांगला मास्क द्यावा, खरवड प्लॅस्टिकवर गोळा करावी, मुलांना त्या दिवसांत नातेवाइकांकडे पाठवावे आणि नंतर जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

थिनर आणि स्पिरिटची वाफ पेट घेते. आपल्याकडे देवघर अनेकदा जिन्यालगतच असते. पॉलिशच्या दिवसांत समई दुसऱ्या खोलीत न्यावी, उदबत्तीही लावू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती पाण्याच्या बादलीत टाकावीत किंवा बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

घासताना सँडपेपर टप्प्याटप्प्याने बारीक, म्हणजे वाढत्या क्रमांकाचा व्हायला हवा: ८०, १२०, १८०, मग २२०, आणि दोन हातांच्या मधे ३२०. घाई असलेला कारागीर मधला टप्पा गाळतो आणि मग पॉलिशखाली आडवे ओरखडे उमटतात. घासण्याची दिशा लाकडाच्या रेषेबरोबरच असावी. सैल गज पुन्हा बसवताना भोकातील जुना वाळलेला फेविकॉल पूर्ण खरवडून काढला जातो का, हे पाहावे, कारण जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. कुजलेला तळ बदलताना निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून, तिरका सांधा करून नवा तुकडा जोडावा आणि त्याच्याखाली दगडी ठोकळा द्यावा. आमच्या खांबाचे असेच झाले. साधारण सव्वा फूट तळ कापावा लागला, आणि सांधा इतका घट्ट बसला की पोस्टकार्डाची कडसुद्धा आत जात नव्हती. त्या दिवशी पॉलिश न केलेला तो खांब आम्ही सर्वांनी आळीपाळीने हलवून पाहिला, आत्याने सर्वांत शेवटी आणि सर्वांत जोराने.

जिना एकच असेल तर घर चालू ठेवण्यासाठी पॉलिशवाल्याला एक दिवस विषम आणि दुसऱ्या दिवशी सम पायऱ्या करायला सांगावे. ओल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र न ठेवता, कारण ते चिकटते, कडेला खडूने फुली मारावी. वाड्याच्या उभ्या जिन्यावर एक पायरी सोडून चढणे वृद्धांना जमत नाही; त्यांची झोपण्याची सोय तेवढे दिवस खाली करावी. पीयूवर किमान एक दिवस अनवाणीही चालू नये आणि आठवडाभर त्यावरून जड सामान नेऊ नये. नेमका काळ डब्यावर छापलेला असतो.

काम ताब्यात घेताना

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पहिल्या दिवशीची वही काढून क्रमांकवार पुन्हा तीच पाहणी करावी. वजन टाकावे, गज फिरवावेत, खांब हलवावा. संध्याकाळी विजेरी पायरीला समांतर धरून तिरका प्रकाश टाकला की ओघळ, धूळ आणि सुटलेले ठिपके स्पष्ट दिसतात. कठड्यावरून वरपासून खालपर्यंत उघडा तळवा फिरवावा, कारण जे कुसळ डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागते. जिन्याखाली वाकून, जेथे कोणी पाहणार नाही तेथेही सीलरचा हात मारलेला आहे का, हे तपासावे. उघडे राहिलेले लाकूड तेथूनच ओल घेते.

पॉलिशचा आणि स्टेनचा उरलेला डबा मागून घ्यावा, त्यावर तारीख आणि मिश्रणाचे प्रमाण कारागिराकडूनच लिहून घ्यावे. पुढील एक पावसाळा जिना ओल्या पोत्याने न पुसता पिळलेल्या फडक्याने पुसावा, आणि जिन्याखाली अडगळ परत भरताना तुळईच्या तळाभोवती हात जाईल एवढी जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढच्या वर्षी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तेथे पुन्हा वाकता येते.